बोक्याचे कान

साठी उलटली तशी काकांनी कात्री खाली ठेवली आणि व्हायोलिन हातात घेतलं. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता थोडी हौस करायची म्हणाले. हौसेला कोण नको म्हणतंय, पण शेजाऱ्यांनी काय पाप केलं होतं? आणि घरात बोक्या होताच. बोक्या हा कुत्रा. नाव नातीने ठेवलं, तिच्याशी वाद कोण घालणार. काकांनी तारांवर गज टेकवला रे टेकवला, की बोक्या तोंड वर करून गळा काढायचा.

मग एके दिवशी तो गप्प झाला. काकांनी अख्खी धून वाजवली तरी आपला पायाशी पडून राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. काकांना आकाश ठेंगणं झालं. अखेर हात बसला, असं त्यांनी काकूंना दहादा ऐकवलं आणि त्याच भरात नातीच्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर वाजवायचं कबूल करून बसले.

आदल्या दिवशी बोक्याची वर्षाची तपासणी होती. तो ठणठणीत आहे, उगाच कशाला, असं काकांचं म्हणणं. काकूंनी ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, दात पाहिले, लस टोचली. मग लोंबता कान उलटून आत बॅटरी मारली आणि याला हाक ऐकू येते का, असं विचारलं. दोन्ही कान मळाने गच्च बुजले होते. औषध घालून त्यांनी एवढा मळ काढला की काकूंनी तोंडच फिरवलं. कान अधूनमधून पुसत जा, बाई म्हणाल्या, आणि बरा दिसला तरी वर्षाला आणाच, त्याला बिचाऱ्याला सांगता येत नाही.

घरी येऊन काकांनी भीत भीत गज टेकवला. बोक्याने कान टवकारले आणि असा खणखणीत गळा काढला की खिडकीवरची कबुतरं उडाली.

काकांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं. "उद्याचं राहू दे. माझ्या वाजवण्यात काही दम नाही, एवढं याला कळतं."

काकूंना हसू आवरेना, पण नवऱ्याचा पडलेला चेहराही बघवेना.

"दार उघडंच असतं की," त्या म्हणाल्या. "मी मिक्सर लावला की हा पलंगाखाली पळतो. तुम्ही वाजवायला लागलात की आतून धावत येतो. त्रास होत असता तर इथे कशाला बसला असता?"

काकांनी खाली पाहिलं. बोक्या बंद पेटीला नाक लावून शेपटी आपटत होता. काकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

वाढदिवसाला दोघांनी मिळून गायलं-वाजवलं. सूर कुणाचाच धड नव्हता. पाहुणे पोट धरधरून हसले आणि नातीने तेच पुन्हा करायला लावलं. सुरू करण्याआधी काकांनी तारा जुळवल्या, मग बोक्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याचे दोन्ही कान हलक्या हाताने पुसले. कालच साफ केलेत, काकूंनी आठवण करून दिली.

"असू दे," काका म्हणाले, "जोडीदाराला नीट ऐकू यायला हवं."