मायेचं नाव

युगांडातल्या फोर्ट पोर्टलहून निघालेल्या बसमध्ये चिमुरडी काबाहेंडा अंड्यांच्या टोपलीवर बसली आणि दिवसाला तिथूनच दृष्ट लागली. चर्चच्या गायनमंडळाची सहल होती. डोंगर उतरून खोऱ्यातल्या गरम झऱ्यांभोवती पायी हिंडायचं, उकळत्या पाण्यात अंडी आणि हिरवी केळी शिजवून खायची, असा बेत होता. तीस अंड्यांतलं एक वाचलं.

बाकीच्या बाया हसल्या. मंडळाची प्रमुख, म्हातारी अड्येरी, म्हणाली की चला, आज झऱ्याला उपास. पण पोरीची आई कुनिहिरा काही हसली नाही. लेकीचा फ्रॉक पिवळाधमक, चार लोकांत शोभा झालेली. तिचं डोकं सणकलं.

"काबाहेंडा," ती म्हणाली, "घरी पोचेपर्यंत तुला अमूती म्हणणार नाही."

त्यापेक्षा आठ वर्षांच्या पोरीला दोन धपाटे घातले असते तर परवडलं असतं. तोरो जमातीत माणसाला नावं दोन. एक कागदावरचं, ते शाळेच्या हजेरीला आणि रागवायला. दुसरं मायेचं; काबाहेंडाचं ते अमूती. सकाळी उठल्यावर एकमेकांची विचारपूस करायची ती त्या दुसऱ्या नावानं, आणि उत्तरही तसंच द्यायचं. आईनं कागदावरचं नाव घेतलं की पोरांनी समजावं, आता पाठीत बसणार. काबाहेंडा उरलेला प्रवास खिडकीकडे तोंड करून बसली. कुनिहिराला ते दिसत होतं. तरी ती गप्प राहिली, कारण रागाला आलेली आई स्वतःचंसुद्धा ऐकत नाही.

झऱ्यांवर वाट दाखवायला मुहिंडो होता, खोऱ्यातलाच, कोंझो जमातीचा माणूस. त्यानं आधीच बजावलं होतं की दलदलीवर टाकलेल्या फळ्या सोडायच्या नाहीत. वरचा चिखल सुकलेला दिसतो, खाली पाणी उकळत असतं. दोन तास चालून सगळे 'बायकांचा झरा' म्हणतात त्या झऱ्यापाशी पोचले. वाफेचे लोट असे की शेजारचं माणूस दिसेना. कुनिहिरा केळी सोलायला बसली. मान वर केली तेव्हा लेक शेजारी नव्हती. टोपलीतलं ते एकुलतं एक अंडंही नव्हतं.

पोरगी अंडं शिजवून आणायला गेली होती, आईचा राग घालवायला.

"काबाहेंडा!" ती जीव खाऊन ओरडली. मग सगळं मंडळच ओरडू लागलं. रविवारी अख्खं चर्च दणाणून सोडणारे वीस गळे ते. उत्तर आलं नाही. कुनिहिरा फळ्यांवरून इकडून तिकडे धावत होती, हाका मारत होती, मधेच देवाला काहीबाही कबूल करत होती. हाक मारायची, कान द्यायचा, आणि नुसती पाण्याची खदखद ऐकायची.

मुहिंडोला एका फळीच्या कडेला चिखलात उठलेली चिमुकली पावलं सापडली. तो पालथा पडून वाफेत बघत राहिला. मग त्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"तिला ऐकू जातंय," तो म्हणाला. "आधी इथं थांबलीय, मग पुढं गेलीय. पुन्हा थांबलीय, पुन्हा पुढं. आपण हाक मारतोय तशी लांब चाललीय. बाई, ती कुणाला भितेय?"

कुनिहिराला आता उमगलं. वीस माणसांनी मिळून तिच्या लेकीला उकळत्या पाण्याकडे पिटाळलं होतं, आणि सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता.

आता तिला गोड बोलायचं होतं. आवाज जरा जरी कापला असता तर पोरीला तो रागच वाटला असता. तिनं डोळे मिटले आणि रोज पहाटे चुलीपाशी विचारायची तसं विचारलं.

"अमूती, झोप लागली का गं?"

काही नाही. तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना अड्येरीनं तिचा दंड घट्ट धरला.

"लागली, अबवोली."

आवाज फार लांबून आला. अबवोली हे कुनिहिराचं मायेचं नाव.

"तिथंच उभी राहा, राणी. पाऊल उचलू नकोस."

मुहिंडो दोन फळ्या आलटून पालटून पुढं सरकवत, पोटावर रांगत वाफेत शिरला. जाताना सांगून गेला की बोलत राहा, तू थांबलीस की ती हलेल. म्हणून कुनिहिरा बोलत राहिली. शेळीबद्दल, शेजारणीच्या कोंबड्यांबद्दल, जे सुचेल ते, आणि दर वाक्याला अमूती. मधेच पापडी फुटल्यासारखा आवाज झाला आणि लेकीची किंकाळी आली. कुनिहिरानं फळीवरून पाऊल खाली टाकलंच होतं. अड्येरीनं तिला कमरेला धरून मागं ओढलं. "बोल," म्हातारी कानात म्हणाली. कुनिहिरा बोलली. शेळीचंच पुन्हा, त्याच आवाजात.

किती वेळानं कोण जाणे, मुहिंडो पाठीवर पोरीला घेऊन रांगत बाहेर आला. तिचं डावं पाऊल घोट्यापर्यंत भाजून सोलून निघालं होतं. मुठीत अंडं तसंच, कच्चं. डोळे गच्च मिटलेले.

कुनिहिरानं तिला मांडीवर घेतलं. पोरीनं डोळे न उघडताच विचारलं,

"अबवोली, घर आलं का?"

बसपर्यंतच दोन तासांची चाल होती.

"आलं, अमूती," कुनिहिरा म्हणाली. "आलं."