न आलेला पंख

मी एक जुना पडाव आहे. पडाव म्हणजे नदीतून ओझं वाहणारी सपाट, लोखंडी होडी. पण मित्रांनो, मला नुसतं होडी म्हणू नका. होडीत चार माणसं आणि एक मासा मावतो. माझ्या पाठीवर विमान मावतं! अख्खं एकदम नाही, हे कबूल. पण दोन मजल्यांच्या त्या अवाढव्य प्रवासी विमानाचे तुकडे मी वर्षानुवर्षं वाहिले. मी इतका लांब आहे की माझ्या नाकावर बसलेला बगळा शिंकला, तर शेपटीवरचा बगळा त्याला दुसऱ्या दिवशी 'जपून रे' म्हणतो.

माझी घडण याच कामासाठी झाली. विमानाचे पंख समुद्रापलीकडे बनत आणि जहाजातून गॅरोन नदीच्या मुखाशी येत. तिथून भरतीचं पाणी पकडून मी त्यांना वर नेई. माझी कप्तान मायलिस. तिचा आवाज भोंग्याहून मोठा, म्हणून भोंगा बिघडला तरी आमचं कधी अडलं नाही.

वाटेत कास्तेरॉन हे द्राक्षमळ्यांचं गाव लागे. एकदा मी पंख घेऊन चाललो होतो, त्याच दिवशी तिथे एक लग्न होतं. संध्याकाळी गारा पडल्या. आजूबाजूच्या गावांचे मळे झोडपले गेले, कास्तेरॉनच्या एका घडालाही धक्का लागला नाही. झालं! तेव्हापासून गावानं ठरवलं, लग्न करायचं ते पंखाच्या दिवशीच. डावा पंख जाताना लग्न झालं तर घरात बायकोचं चालतं, असं तिथे म्हणतात. उजवा जाताना झालं तरी बायकोचंच चालतं. मी दिसलो की वऱ्हाडी काठावर टोप्या उडवत आणि मी आपला, माझंच लग्न असल्यासारखा, लाजून पाण्यात चार बोटं आणखी खाली जाई.

मग एका वर्षी पंख कमी येऊ लागले. का, ते मला कळेना. धक्क्यावरचा क्रेनवाला म्हणाला, "विमानकंपन्यांना आता लहान विमानं हवीत." जहाजावरचा आचारी म्हणाला, "छे, हवीत मोठीच, पण पुढल्या वर्षी." विमानकारखान्याचे साहेब आले, ते म्हणाले, "काम थांबलेलं नाही, फक्त मंदावलंय." मित्रांनो, मी जन्मापासून मंद आहे. माणूस काठानं चालत निघाला तरी मला मागे टाकतो. मंद असल्यानं काम कसं कमी होतं, यावर मी पुष्कळ डोकं खाजवलं. म्हणजे खाजवलं असतं, डोकं असतं तर.

माझ्याहून जास्त गोंधळ उडाला तो फिर्मांचा. फिर्मां हा कास्तेरॉनचा पाववाला, उतारवयातला विधुर. खानावळ चालवणाऱ्या ओदीलशी त्याचं ठरलं होतं. ओदील ही मायलिसची मावशी.

"पुढच्या पंखाला," असं त्यानं वचन दिलं होतं. पंख वसंतात यायचा होता. तो उन्हाळ्यावर गेला. मग द्राक्षं खुडून झाल्यावर येईल, असं कळलं. ओदीलनं लग्नासाठी लँप्री मासा तीनदा रांधला आणि तिन्ही वेळा गावानं लग्नाविनाच खाल्ला.

शेवटी निरोप आला की या वर्षी पंख नाही. मला रिकामं खाली नेऊन मुखाशी बांधून ठेवायचं होतं. आम्ही कास्तेरॉनला आलो तर धक्क्यावर ओदील उभी, हातात पेटी.

"मावशी, हे काय?" मायलिसनं विचारलं.

"बहिणीकडे चाललेय, कायमची. बसवाले संपावर आहेत. घेतेस की पोहत जाऊ?"

"अगं, पण फिर्मांकाका?"

"त्याला पंख हवाय ना? मी म्हटलं, माझ्या दंडाला पिसं चिकटवते. तर म्हणतो, थांबूया अजून थोडं! विमानवाले पुढे ढकलतात, त्यांचा धंदा आहे. याचा काय धंदा आहे?"

ती चढली. मी निघालो. मागे काठावर एक पांढरा ठिपका हलत होता. पिठानं माखलेला फिर्मां! तो सायकलवर बसला, पडला, पुन्हा बसला. त्या दिवशी मी इतका सावकाश गेलो की पाण्यालाही वाटलं असेल, हा मागेच चाललाय. तरी नदी वळसा घेते तिथे काठचा रस्ता मळ्यांत शिरला आणि तो दिसेनासा झाला.

पुढे बोर्दो शहरात दगडी पूल लागतो. त्याच्या कमानीखालून आम्हाला हव्या त्या वेळी जाता येत नाही. पाणी फार चढलेलं असलं तर पाठ कमानीला घासते, फार उतरलेलं असलं तर पोट दगडांना. अगदी बेताचं असावं लागतं. तेव्हा पाणी चढलेलं होतं. मायलिसनं मला काठाला लावलं.

"किती वेळ?" ओदीलनं विचारलं.

"पाण्याला विचार," मायलिस म्हणाली.

पाणी उतरत होतं. कमान मोकळी होत होती. मायलिसनं दोर सोडायला हात घातला आणि पुलावरून सायकलची घंटी वाजली. फिर्मां धापा टाकत खाली आला.

"पंख आला का?" ओदीलनं पेटीवरून न उठता विचारलं.

"नाही."

"मग?"

"मी आलोय," तो म्हणाला. "पंख नाही, पाव नाही. चाकातली हवासुद्धा गेली. नुसता मीच."

ओदील पेटीवरून उठली. मग म्हणाली, "नाक पूस. पीठ लागलंय."

त्यांचं लग्न एका साध्या मंगळवारी झालं, नदी रिकामी असताना. मी मुखाशी बांधलेला होतो, त्यामुळे पाहिलं नाही. त्या रात्री गारा पडल्या का, हेही मला ठाऊक नाही. मायलिस आठवड्याला येते, गंज खरवडते, माझ्या कड्यांना तेल घालते आणि गप्पा मारते. पण हे मी विचारलं नाही. तीही सांगत नाही.

मित्रांनो, इतकी मोठी वस्तू लोकांना एकदम नकोशी कशी होते, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर इकडे येऊन सांगा. येताना तेलाची बुधली आणा. काम थांबलेलं लोखंड आतून गंजतं. आणि कुणी तुमच्यासाठी पेटी भरून धक्क्यावर उभं असेल, तर तेल राहू द्या, आधी तिकडे जा.