लॅपटॉपवर जळणारा ब्रश

मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे, बूट चमकवायचा. मित्रांनो, तुम्ही कापडी बूट घालता आणि मळले की थेट मशीनमध्ये धुवायला टाकता, तेव्हा माझी तुमची ओळख नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. पण माझी गोष्ट ऐका. आधीच सांगून ठेवतो, तिच्यात मत्सर फार आहे. मला लॅपटॉप डोळ्यांसमोर नको असतो.

एका छोट्या कारखान्यात एका बाईने माझ्या लाकडी पाठीच्या भोकांत घोड्याच्या केसांचे झुबके बसवले, तारेने आवळले आणि कात्रीने सारखे केले. तिथून मी फौजेच्या भांडारात गेलो आणि एका काटकुळ्या, नव्याने भरती झालेल्या मुलाच्या वाट्याला आलो. माझ्याबरोबर आणखी एक ब्रश होता. तो बुटाला पॉलिश लावायचा, मग मी चमक आणायचो. काळा व्हायचा तो आणि कौतुक व्हायचं माझं. त्यामुळे तो माझ्यावर जळायचा. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

मुलाचा बघता बघता फौजी झाला. त्याचं काम वायरलेसवरचं. आलेला निरोप नीट ऐकायचा, पुन्हा म्हणून दाखवायचा आणि पुढे पाठवायचा. पण सकाळी उठल्यावर त्याच्या हातात वायरलेसच्याही आधी मी असायचो. एकदा तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी त्याच्या बुटाच्या टोकात बघून स्वतःची टोपी सरळ केली. त्या दिवशी मी हवेत होतो.

मग मुदत संपली आणि फौजी घरी आला. मला वाटलं, आता माणूस निवांत होईल, रोज सावकाश बूट चमकवेल. कसलं काय! पहिल्याच आठवड्यात बायकोने आपला जुना लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. तीही संगणकावरच काम करायची. कंपन्यांची संगणकाची मशीनं चालू ठेवायचं शिक्षण घ्या, तुम्हाला जमेल, असं तिने सांगितलं. त्याला ते पटलं, हे माझं दुर्दैव.

लॅपटॉपचे लाड सांगू? त्याला पुसायला मऊ फडकं, ठेवायला अस्तर लावलेली पिशवी. चहाचा कपसुद्धा त्याच्यापासून हातभर लांब. आणि मी? कपाटाच्या खालच्या फळीवर, तुटक्या छत्रीशेजारी. फौजी तासन्‌तास त्याच्याकडे बघत बसायचा. एका बोटाने टकटक करायचा, चुकायचा, कपाळाला हात लावायचा आणि पुन्हा त्यालाच विचारायचा. मी कधी त्याला एवढं चुकू दिलं होतं का? सवतीमत्सर हा शब्द बायकांसाठीच का राखून ठेवलाय, मला कळत नाही.

माझी सगळी आशा मेव्हण्यावर होती. फौजीच्या बायकोचा हा भाऊ इमारतींना चौकीदार पुरवायचा. त्याने फौजीला चौकीदारांचा प्रमुख करायचं ठरवलं होतं. गणवेश, टोपी, आणि ऐका, काळे कातडी बूट! "भावोजी, सोमवारपर्यंत कळवा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल," असं तो बजावून गेला. त्याआधी, शनिवारी, फौजीची मुलाखत होती. एका कंपनीची मोठमोठी मशीनं अखंड चालू ठेवायची नोकरी, आणि मुलाखत लॅपटॉपवरच. ती बिघडावी म्हणून मी मनापासून देवाला साकडं घातलं.

शनिवारी सकाळी फौजीने मला बाहेर काढलं. टेबलाजवळ जमिनीवर बसून जुने बूट चमकवायला घेतले. बायको बघतच राहिली.

"अहो, कॅमेऱ्यात पाय दिसणार आहेत का?"

"त्यांना नाही दिसणार. मला माहीत असतील ना," तो म्हणाला.

मी लॅपटॉपकडे तोऱ्यात बघितलं. बूट घालून फौजी खुर्चीवर बसला आणि मी टेबलाखाली, त्याच्या पायाशीच राहिलो. त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

मुलाखत घेणाऱ्या बाई भराभर बोलत होत्या आणि त्यांचा आवाज मधे मधे तुटत होता. त्या सर्व्हर नावाच्या मशीनांबद्दल विचारत होत्या. नेमका तोच शब्द गळाला आणि फौजीला एवढंच ऐकू आलं, "तुमच्या पाळीत दोन पडले. एक उठतोय, दुसरा उठतच नाहीये. पहिलं काय कराल?"

फौजी ताठ झाला. "जो उठत नाही त्याच्याकडे आधी जाईन. नावाने हाक मारेन, श्वास बघेन. चूक कोणाची, ते नंतर."

पलीकडे कोणीतरी फिसकन हसलं. "मी सर्व्हरबद्दल विचारत होते," बाईंनी हळूच सांगितलं. मी तर खूश! गेली नोकरी. सोमवारपासून गणवेश आणि बूट.

फौजीने दोन्ही बूट जुळवून ठेवले. मग तो म्हणाला, "मशीनचं होय? मग सोपं आहे, मॅडम. त्याच्या घरी कळवायला जावं लागत नाही."

आता कोणी हसलं नाही. नंतर त्याने वीज बघण्यापासून सगळं क्रमाने सांगितलं, पण माझं लक्ष नव्हतं. मला फौजेतला, त्याच्या शेजारच्या खाटेवरचा जोडीदार आठवला होता. तो पडला तो उठलाच नाही. त्याचा निरोप फौजीनेच वायरलेसवर घेतला आणि नेहमीप्रमाणे पुन्हा म्हणून दाखवला. जोडीदाराच्या आईला कळवायला गेलाही तोच. त्या सकाळी त्याने बूट खूप वेळ चमकवले होते आणि मी वेडा खुशीत होतो.

फौजीला नोकरी लागली. तिथे सारखं काहीतरी पडतं आणि तो ते उठवतो. घरी येऊन तो गाढ झोपतो, जोडीदार गेल्यापासून कधी झोपला नव्हता तसा. ही झोप मला त्याला देता आली नाही, ती लॅपटॉपने दिली, म्हणून मी आता जास्तच जळतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी गणवेश घडी करून ठेवला असेल आणि नवं काम शिकायला घेतलं असेल, तर आधीचा रुबाब त्याला ऐकवू नका. आम्हाला ऐकवा, आम्हाला आवडतं. आणि माझ्यासारखा कोणी फळीवर पडला असेल, तर त्याला ओल लागू देऊ नका.

परवा मेव्हणा आला होता. तुमचे बूट आणि ब्रश आमच्या चौकीदारांना देता का, असं त्याने विचारलं.

"बूट ने," फौजी म्हणाला. "ब्रश राहू दे."

लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. त्याने ऐकलं असणार.