चाकावरचं माहेर

आता हौस म्हणजे किती करावी माणसानं! चांगदेवनं शिरूरचं राहतं घर विकलं आणि एक जुनी ॲम्ब्युलन्स घेतली. बायको गेल्यावर घर खायला उठायचं, हे खरं. पण लेकीला एका शब्दानं विचारलं नाही. "माझं माहेर इकलंत, आप्पा," एवढं बोलून करुणानं फोन ठेवला, तो आठ महिने उचलला नाही.

गाडीला रंग मारला, आत फळी टाकून बिछाना केला, शेगडी मांडली, बायकोचे स्टीलचे डबे दोरीनं बांधले. म्हणे, देश बघणार! देश राहिला बाजूला, पाणी कुठं भरायचं आन् सकाळी परसाकडं कुठं जायचं, यातच दिवस जायचा. पेट्रोल पंपवाले दोन दिवसांत हाकलायचे. दुपारी पत्र्यावर भाकरी भाजावी असं ऊन. बोलायला कुणी नाही. बिचारा डब्यांशी बोलायचा.

शेवटी हिय्या केला आणि दौंडला करुणाच्या दारात गाडी उभी केली. बोलली तर बोलली. पण रंगाखालची जुनी अक्षरं उन्हात दिसतात, हे त्याच्या ध्यानात कुठलं! शेजारच्या रंगुबाईनं पाहिलं आणि ओरडली, "करुणे, तुझ्या दारात ॲम्ब्युलन्स आलीया गं!"

आप्पांचंच काही बरंवाईट झालं, असं वाटून करुणा अनवाणी धावली. मागचं दार उघडलं, फळीवर माणूस झाकल्यासारखी गोधडी दिसली, तिच्यावर पडली. गोधडी आईची, ती लगेच ओळखली. "आप्पा, म्या फोन उचलाया पायजे व्हता!" तिनं हंबरडा फोडला. चांगदेव पुढं ड्रायव्हरच्या सीटवरच होता. कुणीतरी आपल्यासाठी रडतंय, हे ऐकून त्याला बरं वाटलं. लाज सोडून सांगायचं तर फार बरं वाटलं. म्हणून दोन मिनिटं तो गप्पच बसला.

"करुणे, हाय मी. जित्ता हाय."

तिनं त्याच्या दंडावर बुक्क्या मारल्या, रडली, हसली. आईच्या डब्यातली साखर काढून तिथंच चहा केला. मग उठली. "चला, जेवाया घरात."

घराच्या पायरीवर एक पाय ठेवून ती मागं वळली. "आप्पा, चौदा एप्रिलला दरसाल पोरं घेऊन येत व्हते. यंदा कुठं येऊ?"

"तू म्हणशील तिथं गाडी लावतो की."

"लेक जागा सांगती व्हय, आप्पा? माहेर बोलावतं."

चांगदेवनं डब्यांची दोरी उगीच पुन्हा आवळली. चौदा एप्रिल लांबच, उद्या गाडी कुठं लावायची हेही त्याला ठाऊक नव्हतं.