वसंतोत्सवाची अंडी

आमच्या कंपाउंडमध्ये ‘ईस्टर’ हा शब्द भिंतीच्या आतसुद्धा मोठ्यानं उच्चारायचा नसे. बाहेर धर्मरक्षक पोलिसांची गाडी फिरते, कुणाच्या कानावर गेलं तर पंचाईत. म्हणून कमिटीनं त्याचं नाव वसंतोत्सव ठेवलं. सौदीतल्या जुबैलमध्ये वसंत म्हणजे काय, तर एसीचं बटण दोनवरून तीनवर नेणं. शिवाय ईस्टर पडतो रविवारी आणि रविवार आमच्याकडे कामाचा. म्हणून तो, मुलांनी लपवलेली अंडी शोधायच्या खेळासकट, शुक्रवारी ठरला. येशूला ज्या वारी क्रुसावर चढवलं त्याच वारी तो आमच्याकडे उठणार होता. रविवारी त्याला बघायला कुणाला रजा मिळाली नसती.

साल एक्क्याण्णव. युद्ध संपलं होतं, पण कुवेतच्या तेलविहिरी अजून जळत होत्या, आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे वाळेपर्यंत काजळीनं पुन्हा धुवायला यायचे. जानेवारीत पुढच्या गल्ल्यांतली गोरी कुटुंबं कंपनीच्या विमानानं निघून गेली होती. मुलं गेली, आया गेल्या, एका घरचा कुत्राही गेला. आम्ही मागच्या गल्लीतले भारतीय. आमचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात होते, आणि कपाटाची चावी ज्या साहेबांकडे होती ते पहिल्याच विमानात बसले. मागून आम्हाला कळवण्यात आलं की आपण ‘अत्यावश्यक’ आहात. आमचे हे, म्हणजे जगाचे राजाभाऊ, अत्यावश्यक असतील. ते गेले तर पंप बंद पडतात म्हणे. पण आमची पाच वर्षांची इरा कुठल्या प्लांटसाठी अत्यावश्यक होती, हे मी विचारायला गेले. सांगणारा माणूसही गेला होता.

पहिल्या सायरनच्या रात्री इरानं माझा हात धरला तो सोडला नाही. हे मी अलंकारानं बोलत नाही. पोळ्या मी एका हातानं लाटायला शिकले. आंघोळीला जाताना दार उघडं ठेवून एक हात बाहेर काढून बसायला शिकले. युद्ध संपलं, सायरन बंद झाले, गॅसबॉम्बच्या भीतीनं न्हाणीघराच्या खिडकीवर लावलेली चिकटपट्टी आम्ही खरवडून काढली, पण हात तसाच. शाळा उघडली तेव्हा बाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं. म्हणाल्या, “आईला वर्गात बसवता येत नाही, मॅडम. येत्या शनिवारी शेवटचं आणून बघा. नाही बसली तर हे वर्ष जाऊ द्या.”

“त्या अंड्यांना ने तिला,” राजाभाऊ म्हणाले. “चार मुलांत मिसळेल, हात सुटेल.” आणि अत्यावश्यक माणसासारखे कुशीवर वळून झोपले.

इराला मी सांगितलं, आपल्याला अंडी शोधायला जायचंय. ती म्हणाली, “आई, अंडा तो फेल होनेवालों को मिलता है.” तिच्या शाळेत शून्याला अंडा म्हणतात. “शोधून कशाला आणायचा?”

वाटेत शरीफा भेटली. तिचा नवरा बदरुद्दीन कंपनीच्या स्टोअरमध्ये, माणसं रत्नागिरीकडची. बोटाला धरून तिचा झैद, इराच्याच वयाचा. रमजान चालू होता, शरीफाचा रोजा होता, त्यामुळे ती सावलीसावलीनं चालत होती.

“वैनी, मला एक सांगा. अंडी यांनीच लपवायची आणि यांनीच शोधायची?”

“पद्धत आहे त्यांच्यात.”

“आमच्याकडे कोंबडी लपवते, माणसं शोधतात. ह्यांनी कोंबडीचं कामपण अंगावर घेतलंन?”

“शरीफा, हळू बोल. वसंतोत्सव आहे.”

“रोजाच्या तोंडी हसवू नका गो,” ती म्हणाली आणि हसलीच.

आता शिरीषबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. शिरीष पुण्याचा, कंपनीच्या सेफ्टी खात्यात. युद्ध चालू असताना मागच्या गल्लीतली मुलं तो रोज दुपारी हॉलमध्ये जमवायचा आणि त्यांना एकच गोष्ट शिकवायचा, पण अशी घोटून की त्यापुढे पाढे मागे पडले. सायरननंतर बाहेर काही चमकतं, रंगीत, अनोळखी पडलेलं दिसलं तर शिवायचं नाही. हात पाठीमागे. जवळ कुणाला येऊ द्यायचं नाही. ‘खतर’ म्हणून ओरडायचं. धोक्याचा अरबी शब्द, गेटवरच्या कुठल्याही पहारेकऱ्याला कळेल असा. आणि मोठं माणूस येऊन ती वस्तू उचलेपर्यंत जागा सोडायची नाही. पोरं झोपेतसुद्धा खतर ओरडत.

क्लबपुढच्या हिरवळीवर दोरी बांधली होती. आईबापांनी दोरीबाहेर, मुलांनी आत. परत आलेली गोरी मुलं टोपल्या घेऊन एका बाजूला, आमची पिशव्या घेऊन दुसऱ्या बाजूला. कुणी तसं सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. फक्त इरा माझ्यापाशी, दोरीवरून हात घट्ट धरून. कमिटीच्या गोऱ्या अध्यक्षबाईंच्या डोक्यावर सशाचे कान होते आणि हातात भोंगा. महिनाभरापूर्वी त्या माहेरी होत्या. तिकडे टीव्हीवर आमच्याकडचं युद्ध बघून त्यांना किती त्रास झाला, हे त्यांनी मला आल्याआल्या सांगितलं. मी सहानुभूती दाखवली.

मग त्या भोंग्यावर म्हणाल्या, “मुलांनो, तयार?” आणि भोंग्याचं दुसरं बटण दाबलं.

त्या भोंग्यात सायरन होता.

लहानसाच, खेळण्यातला म्हणावा असा. पण मी इराला जवळ ओढलं. शरीफानं “या अल्ला” म्हणत झैदसाठी हात पुढे केला, तो हवेतच राहिला. पुढच्या गल्ल्यांची मुलं किंचाळत, हसत सुटली. आमच्यातलं एकही हललं नाही. मग त्यांना गवतात ती दिसली: सोनेरी, चंदेरी, लाल, चमचमणारी, कुणी कधी न पाहिलेली.

इरानं माझा हात सोडला.

सोडला म्हणजे फेकला. ती धावत सुटली, एका सोनेरी अंड्यापाशी जाऊन पाठीमागे हात बांधून उभी राहिली, आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, “खतर!” पलीकडे झैद ओरडला. मग सगळी. जिथं अंडं तिथं आमचं एकेक पोर, हात मागे, पाय रोवून. मैदानभर खतर, खतर. एका गोऱ्या मुलानं वाकून इराच्या पायापाशी हात घातला. तिनं त्याच्या मनगटावर अशी चापट मारली की तो खाली बसला आणि त्यानं भोकाड पसरलं.

तो अध्यक्षबाईंचा मुलगा होता. दुसऱ्या कुणाचा असता तर ही गोष्ट इथंच संपली असती.

मी दोरी ओलांडली. इरा माझ्यावर ओरडली, “गो बॅक, आई! जवळ येऊ नको!” आठवडेच्या आठवडे जिनं मला सोडलं नव्हतं ती मुलगी मला लांब हो म्हणत होती. मी थांबले.

अध्यक्षबाई आल्या. त्यांचं इंग्रजी फार गोड होतं. “तुमच्या संस्कृतीत हा खेळ नाही, मी समजू शकते. पण मुलांना आधी समजावून आणायला हवं होतं ना?”

“समजावूनच आणलंय,” मी म्हटलं. “सायरन वाजला आणि जमिनीवर चमकणारं काही दिसलं तर काय करायचं, ते समजावलंय. तुमच्या कंपनीच्याच माणसानं. तेव्हा तुम्ही इथं नव्हता.”

त्यांनी माझ्याकडे, मग भोंग्याकडे पाहिलं. मला वाटलं कळलं. “ओह,” त्या म्हणाल्या. “पण हे चॉकलेट आहे! तुम्ही आई आहात, तुमचं ऐकेल ती. सांगा तिला, घाबरायचं कारण नाही. आणि माझ्या मुलाला सॉरी म्हणायला सांगा.”

“ती घाबरलेली नाही.”

“मग मारलं का?”

हे इरानं ऐकलं. नजर अंड्यावरून न हलवता ती इंग्रजीत म्हणाली, “तो मेला असता म्हणून.”

त्या पोरानं रडणं थांबवून अंड्याकडे पाहिलं आणि बसल्याबसल्या मागे सरकला.

“प्लीज,” अध्यक्षबाई मला म्हणाल्या. “तिला सांगा ना, की तिचं चुकलं.”

“नाही सांगणार,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि तो उतरवायची मला गरज वाटली नाही. “तुमच्या मुलाला वाचवायला म्हणून तिनं आज माझा हात सोडलाय. तिला मी चूक म्हणू? तुम्ही म्हणा. माझ्यादेखत म्हणा.”

त्यांनी भोंगा गवतावर ठेवला.

दोरीबाहेरून शरीफानं हिंदीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “बडे लोग उठाओ! बच्चे यही तो बोल रहे हैं!”

मग कमिटीच्या पुरुषांनी अंडी उचलली. दुसरा इलाज नव्हता. सशाचे कान घातलेले मोठमोठे साहेब वाकून एकेक अंडं उचलून टोपलीत ठेवत होते, आणि आमची पोरं एक अंडं उचललं की पुढच्यापाशी जाऊन उभी राहत होती. कुणी हसायला लागलं की झैद त्याच्याकडे असा बघे की हसणारा गप्प होई. टोपल्या भरल्यावर अध्यक्षबाईंनी मागच्या गल्लीसाठी एक टोपली वेगळी काढली. “पुढच्या वर्षी,” त्या म्हणाल्या, “तुमच्या लोकांसाठी आधी माहितीचा छोटा कार्यक्रम ठेवू.”

“नको,” मी म्हटलं. “पुढच्या वेळी विमानात आम्हाला बसवा, तुम्ही इथं राहा. मग बघू अंडी कोण उचलतं.”

टोपली शरीफानं घेतली. “मगरिबनंतर, रोजा सुटला की खाऊ,” ती म्हणाली. “राग वेगळा, चॉकलेट वेगळं.”

घरी राजाभाऊ उठून बसले होते. “सुटला का हात?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते म्हणाले, “बघ, मी सांगितलं नव्हतं?” त्यांना मी काय काय म्हणाले ते इथं छापण्यासारखं नाही.

शनिवारी शाळेच्या फाटकापाशी इरा एकटी आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. घसरगुंडीपाशी वाळूत चॉकलेटचा चंदेरी कागद पडला होता; तिनं बालवर्गातल्या दोन मुलांना खांद्याला धरून त्यापासून मागे सारलं आणि स्वतः मध्ये उभी राहिली.

बाई माझ्याशेजारी येऊन हसल्या. “पाहिलंत? उगाच काळजी करत होता. मुलं फार लवकर विसरतात.”

शाळेच्या दारात भांडायचं नाही असं मी घरून ठरवून आले होते.

“विसरलेली नाही, बाई,” मी म्हटलं. “कामावर रुजू झाली आहे. आधी जाऊन तो कागद उचला, म्हणजे तिला वर्गात येता येईल.”