चांगोची मोराची रायफल

“कुणाला खरं वाटायचं नाय, पर पळसदरीच्या टेकाडावरनं एका गोळीत लोळवलं!” मेलेल्या सांबराशेजारी छाती काढून चांगो म्हणाला.

ज्याच्या मारानं जनावर पडलं त्याला मुंडकं, असा वाडीचा रिवाज. सांबराच्या बरगडीत वाडीतल्या नवशाचा बाण रुतला होता, म्हणून मुंडकं त्याला जाणार म्हटल्यावर चांगोला नाक कापल्यासारखं झालं होतं. मोठ्या लढाईनंतर पलटणीनं मोडीत काढलेली रायफल त्यानं लिलावातून आणली होती. गोऱ्यांनी केलेला दस्ता त्याला भिकार वाटला. मग त्यानं करवतीनं नळी वीतभर छाटली, जुनं लाकूड चुलीत घातलं, सागाचा जाडजूड दस्ता बसवला आणि त्यावर पिसारा फुलवलेला मोर कोरला. असलं हत्यार लाटसाहेबाकडंही नसेल, असं तो चौक गावच्या बाजारापर्यंत सांगत सुटला होता.

“गोळीनं आधी आंब्याला वळसा घातला,” तो म्हणाला. “सांबर वळलं, तशी तीबी वळली.”

“आनि माझा बाण?” नवशानं विचारलं.

“तो मेल्यावर लागला रं! तुझी काटकी जित्याला कशी लागंल?”

नवशाची म्हातारी आई जिजा इतका वेळ रायफल उलटीपालटी करत होती.

“चांगो, हिच्यात गोळी घालायची खाच कुठं हाय रं?”

“हाय की, मोराखाली.”

“मोराखाली नुसता साग हाय! खाच तूच बुजवलीस, मेल्या. जी आत गेलीच नाय, ती गोळी सुटली कुठनं?”