स्वल्पविरामासकट

"आई, तू स्वल्पविराम गिळलास," मांडीवर बसून गोष्ट ऐकणारी चिमणी म्हणाली. "आजोबा नाही गिळायचे."

हे आजोबा म्हणजे आईचे वडील, गेल्याच महिन्यात वारलेले. छापखान्यात ते मुद्रितं तपासायचे. जोडीदाराला मजकूर विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचून दाखवायचा, अशी तिथली रीत. घरी लहानगी लेक गोष्टीचं पुस्तक घेऊन आली, की म्हणायचे, "घसा बसलाय गं, उद्या." तो उद्या काही उजाडला नाही. निवृत्तीनंतर मात्र नातीला रोज वाचून दाखवायचे, तेव्हा स्वयंपाकघरात लेक भांडी जरा जास्तच आपटायची.

"मग तूच वाच त्यांच्यासारखं," आई तुटकपणे म्हणाली.

चिमणीला अजून अक्षरओळख नव्हती. तिने पुस्तक उलटं धरलं, घसा खाकरला.

"कोल्हा म्हणाला, स्वल्पविराम, मला भूक लागली आहे, पूर्णविराम..."

तोच ठेका, पान उलटण्याआधी बोट ओलं करणंही तेच. बापाचं वाचन अखेर लेकीच्या वाट्याला आलं, तेही उष्टं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"तुला आवडली?" चिमणीला नवल वाटलं. "आजोबा तर म्हणायचे, तुझ्या आईला लहानपणापासून गोष्टींची आवडच नाही."